तवा कुठं टांगू

आज सकाळी तवा परत उचलला. काल फ्रिजच्या मागं भिंतीला टेकवून उभा केला होता. तिथनं गरम हवा येती, कोरडा राहील असं वाटलं होतं. कुठलं काय. बोट फिरवलं तर बोटाला तांबूस लागलं. धोतराच्या सोग्यानं पुसला, करडीच्या तेलाचा बोळा फिरवला अन् काखेत मारून घरभर हिंडायला लागलो.

बिडाचा तवा आहे. बीड म्हणजे ओतलेलं लोखंड, पत्रा नव्हे. एका अंगाला कान, कानाला भोक. हातात धरून फार वेळ उभं राहता येत नाही, मनगट भरून येतं. माझ्या बायकोचा तवा. ती गेली, तवा आहे. एवढंच आहे सगळं, पण त्याला जागा सापडंना.

"मामा, आज कुठं चाललाव?" सुरेखा म्हणाली. सुरेखा म्हणजे माझी सून, दत्ताची बायको.

"जागा बघतो."

"काल बी बघायलाव, परवा बी बघायलाव. पोरीला स्थळ बघतेत तसं चाललंय तुमचं. एखादं सुद्दं घर बघा अन् द्या एकदाचं."

तिचं तोंड असंच आहे. मला राग येत नाही. माझं त्याहून वाईट आहे.

घर नवं आहे. जुनं मातीचं माळवद पाडून दत्तानं स्लॅब घातला. स्वयंपाकघरात काळा ओटा, भिंतीला डोक्याच्या वरपर्यंत पांढरी टाइल. भांडी सगळी दारामागं. पाणी प्यायला पेला पाहिजे म्हटलं तर आधी चार दारं उघडायची, मग पेला. घर चांगलं आहे. गळत नाही, उंदीर नाही. पण भिंतीला एक खुंटी नाही. तिनं हे घर बघितलं नाही. बघितलं असतं तर पहिल्यांदा हेच विचारलं असतं, की अन् तवा कुठं?

दत्तानं एक हुक आणला होता. मागं डिंक लावलेला, टाइलला नुसता चिकटवायचा. म्हणाला, "अण्णा, लई वजन धरतंय हे. पाकिटावर लिवलंय." चिकटवला. तवा टांगला. पांढऱ्या टाइलवर तो राखाडी तवा, पाहुण्याच्या घरात अवघडून उभ्या माणसासारखा दिसत होता, पण होता तरी डोळ्यासमोर. काही दिवस राहिला. मग एका दुपारी धाडकन आवाज आला. हुक आला, तवा आला, टाइलची ढपली आली, खाली फरशीला खड्डा पडला. तवा फुटला नाही, नशीब. नात तेव्हा बाजूच्या खोलीत झोपली होती. नुकती उभी राहायला शिकलीय, सकाळभर त्याच ओट्याला धरून उभी होती.

सुरेखा ओरडली नाही. पोरगी उचलून बाहेर ओसरीत जाऊन बसली. लई वेळ बसली.

संध्याकाळी दत्ता आला, फरशीचा खड्डा बघितला, त्यात अंगठा घालून बघितला. म्हणाला, "अण्णा, पंचमीपतोर ह्याला जागा लावा. कुणाच्या डोक्यावर नको, पोरीच्या हाताला नको. न्हाय सापडली तर भंगारवाला येतोच की दर बाजारला."

बरोबर बोलला. बापाचंच तोंड घेतलंय.

तेव्हापासून मला चैन नाही. श्रावण लागला, पंचमी जवळ यायली, अन् मी तवा घेऊन हिंडतोय. कुठंही ठेवला की बसवत नाही. भाकरी खाताना उठून बघून येतो.

जुन्या घरात जागा शोधावी लागली नाही. चुलीच्या वरच्या अंगाला बाभळीची खुंटी होती. मीच तासली होती, लग्न झालं त्या साली. ठोकायला लागलो तर ती म्हणाली, "तोंड वर करून ठोका. सरळ ठोकली तर जड भांडं म्होरं सरकत येतंय." आमच्या लग्नाला थोडेच दिवस झाले होते, मला बाईनं शिकवलेलं सोसत नव्हतं. पण वर तोंड करूनच ठोकली. भिंत हातभर जाड, पांढऱ्या मातीची. ठोकताना मातीचा वास यायचा, नांगरट झाल्यावर रानात येतो तसा.

सकाळी आधी दोरीचा आवाज. तव्याच्या कानातली अंबाडीची दोरी खुंटीवरून निघताना घासायची. मग तवा चुलीवर टेकल्याचा आवाज, जडसा, जमिनीतून आल्यागत. मग तुराट्या मोडल्याचा. मग थोडा वेळ काहीच नाही. मग परातीतला थापायचा आवाज सुरू. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचो. थंडीच्या दिवसात आधी तेलाचा वास यायचा. रात्री लावलेलं तेल तापायला लागलं की करडीचा वास पुऱ्या घरात फिरायचा, गोठ्यापर्यंत. बैल मान वर करायचे. त्यांना काय कळायचं कोण जाणे, पण करायचे.

ती सरहद्दीपलीकडची. माहेर कन्नड बोलणारं. मराठी चांगली बोलायची, पण घाईत असली की कन्नड यायचं. भाकरी पालथी घालताना पोटात हवा अडकली अन् फुटायला लागली की म्हणायची, "तडी, तडी." म्हणजे थांब. भाकरीला म्हणायची, वासराला म्हणायची, दत्ता रांगायला लागला तर त्याला म्हणायची. मला बी म्हणायची. मी कधी थांबलो नाही.

जेवणं झाली की तवा धुवायची नाही. उलथन्यानं खरवडायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, विझत्या इंगळावर घडीभर पालथा घालायची. पाणी मरू दे म्हणायची. मग करवंटीतला तेलाचा बोळा फिरवायचा, अंगाला लावल्यासारखा, सगळीकडनं. मग खुंटीवर. तोंड भिंतीकडं. "दारातून आलेल्याला रिकामा तवा दिसू नये." का दिसू नये ते तिला बी माहीत नव्हतं. तिच्या आईनं सांगितलेलं.

तवा आणला नळदुर्गच्या बाजारातून. आम्ही मक्याचं बियाणं घ्यायला गेलो होतो अन् ती भांड्याच्या दुकानापाशी खाली बसली ती उठंना. दुकानदारानं तव्यांची चळत लावलेली. ही एकेक तवा कानाला धरून अधांतरी उचलायची, दुसऱ्या हाताच्या गाठीनं वाजवायची अन् कान लावायची. टण् झालं तर बाजूला ठेवायची. मुकं वाजलं तर परत चळतीत.

दुकानदार बघत राहिला. म्हणाला, "बाई, तवा घ्यायचाय का देवळाला घंटा?"

ही वाजवायची थांबली नाही. "घंटा फुटकी असली तर देव खपवून घेतोय. तवा फुटका असला तर हे घेत न्हाईत." अन् माझ्याकडं मान केली.

दुकानातली सगळी माणसं हसली. मला तेव्हा लाज वाटली. आता ते आठवलं की दिवसभर डोक्यात वाजत राहतं.

एसटीत जागा मिळाली. तिनं तवा मांडीवर घेतला, लेकरू घेतात तसा, पदर त्याच्यावर. रस्त्यानं ट्रक, धूळ, ढाब्यावरचा तळणाचा वास. शेजारची म्हातारी म्हणाली, "पोरगं का पोरगी गं?" हिनं पदर बाजूला केला. म्हातारी अशी हसली की तिला ठसका लागला. तुळजापूरपर्यंत हसत होती. आम्हाला तेव्हा मूलबाळ नव्हतं.

काल गोठ्यात बघून आलो. गोठ्याला लाकडी मेढ आहे, खिळा ठोकला तर धरेल. पण म्हैस श्वास सोडती, दमट असतं सगळं. मागं एकदा ठेवला होता, दोन दिवसात अंगावर लाल पुरळ उठल्यासारखा झाला. जिन्याखाली पाण्याची टाकी. गच्चीवर पाऊस. लोखंडी पेटीत ठेवला तर दत्ताच्या लग्नाच्या कोटाला तेल लागलं. सुरेखानं कोट उन्हात धरला. डाग बघितला. म्हणाली, "ह्यांचं परत लगीन करायचं न्हाय म्हणा आता. कोट गेला." देवघराच्या फळीवर ठेवला तर म्हणाली, "बसवू का देवात? हळदकुंकू वाहते रोज. नैवेद्याला काय चालतंय त्याला, विचारून घ्या."

मी म्हटलं, "तेल."

ती हसली. मग तवा उतरवून फळी पुसली. तिनं बी तिच्या आत्यांना, म्हणजे सासूला, दोनच वर्षं बघितलेलं.

तेल जास्त झालं तरी पंचाईत. एकदा भरपूर थापलं, म्हटलं आता कुठला गंज चढतोय. दुसऱ्या दिवशी गुळासारखा चिकट. सगळ्या घरातला कापूस त्याला लागला. मुंग्या आल्या. मांजर चाटून गेलं. दत्तानं फोनवर एका बाईचा व्हिडिओ दाखवला. ती म्हणती तेल लावा, पातळ लावा, मग भट्टीत घाला. आमच्याकडं भट्टी कुठली? दत्ता म्हणाला, "अण्णा, तिच्याकडं मोठं कपाट हाय, त्यात जाळ हाय." तसलं कपाट आपल्याकडं येणार नाही. पण पातळ लावा हे ती बी म्हणायची. नखावर घेतल्यागत पातळ.

भिंतीवर टांगायचं तर मला बी भ्या वाटतं. सुरेखाला वाटतं तेवढंच. भूकंप झाला त्या पहाटं आमच्या घरात आधी भांडी बोलली. भिंतीवरचा तवा भिंतीला लागायला लागला. टण, टण, टण. कुणी हात लावत नव्हतं. शेजारी कढई, तिचा आवाज जाड. मी अंथरुणात उठून बसलो, मला वाटलं मांजर. तिनं दत्ताला एका हातात धरला, दुसऱ्या हातानं माझी बंडी, अन् बाहेर ओढलं. अंगणात उभं राहून आम्ही घराकडं बघत होतो. आतून भांड्यांचा आवाज येत होता, मग कढई पडल्याचा आवाज आला, मग धूळ आली. मातीचा जुना वास, वर्षानुवर्षं दाबलेला, एकदम मोकळा झालेला.

आमची भिंत चिरली, पडली नाही. पलीकडच्या गावांचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही. ज्यांनी बघितलं त्यांना माहीत आहे.

पुढं लई दिवस कुणी छताखाली झोपलं नाही. रानात पत्रे उभे केले. तवा बाभळीच्या फांदीला. सकाळी दव पडायचं, तवा ओला. ती उठल्या उठल्या आधी तवा पुसायची, मग तोंड धुवायची. तिथं भाकरीला वेगळाच वास होता. उघड्यावरचा धूर सरळ वर जातो, भाकरीला लागत नाही. थंडी पडायला लागली तशी पोरं तव्याभोवती गोळा व्हायची, शेजारपाजारची सुद्धा, हात शेकायला. भाकऱ्या झाल्या तरी तवा लई वेळ गरम राहायचा. बिडाचं तसं असतं. उशिरा तापतं, उशिरा निवतं. ती तवा खाली दगडावर ठेवायची अन् पोरं त्याच्याकडं तोंड करून बसायची, आगीकडं बसतात तशी.

कढईचा काठ फुटला होता. बीड पडलं की वाकत नाही, फुटतं. फुटकी कढई तिनं टाकली नाही, कोंबड्यांच्या पाण्याला ठेवली.

घरात परत आलो तेव्हा तिनं मला पहिलं काम हे सांगितलं, की खुंटी काढा अन् खाली घ्या. चुलीच्या कोपऱ्यात, कमरेइतकी खाली, जिथं कुणी अंथरूण टाकत नाही. खुंटीखाली भुश्याचं पोतं. "पडला तर पोत्यावर पडंल." दोरी जाड, दर पावसाळ्याच्या तोंडाला नवी. तव्याच्या शेजारी दुसरं बीड नाही, एकाला एक लागून तडा जातो म्हणायची. मग कितीतरी वर्षं तवा त्या कोपऱ्यात होता. मागच्या भिंतीवर त्याचा गोल उठला होता, तेलाचा, काळा, पौर्णिमेच्या चंद्राएवढा. घर पाडलं तेव्हा ती भिंत बी पडली. मी त्या दिवशी रानात होतो. मुद्दाम.

पंचमी आली की तव्याला सुट्टी. नागपंचमीला आमच्याकडं चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. सगळं उकडायचं. पुरणाचे दिंड वाफेवर, घरभर गुळाचा अन् वेलदोड्याचा वास. आदल्या दिवशी ती तवा खुंटीवरून काढायची, उन्हात पाटावर ठेवायची, गवरीच्या मंद जाळावर तापवायची अन् जवसाचं तेल लावायची. परत तापवायची, परत लावायची. दुपार त्यातच जायची.

"काय नटवायलीस त्याला," मी म्हणायचो.

"वरीसभर जाळावर बसतंय. एक दिस सुट्टी हाय त्याला. तुमाला तर रोजच हाय."

पंचमीच्या दिवशी तवा त्या कोपऱ्यात काळाभोर, ओला असल्यासारखा. तिच्या अंगाला जवसाचा वास, हाताला मेंदी. बाया लिंबाच्या झोक्यावर, फांदी करकरायची. ती बसायची अन् तिच्या कन्नडात काहीतरी म्हणायची. मला अर्धं कळायचं नाही. इतक्या वर्षांत विचारायचं राहिलं नाही, विचारलं होतं, तिनं सांगितलं नाही. "बायांचं हाय ते," म्हणाली.

ती कशी गेली ते सांगत बसत नाही. गेली.

दहाव्याचं सगळं करून आम्ही नदीवरनं परत आलो. पाठीमागं भावकीतल्या बाया घर सारवत होत्या. सुतक फिटायचं तर घरातलं सगळं उजळून घ्यावं लागतं. मातीची मडकी बाहेर फोडून टाकलेली, अंगणात गोमूत्राचा वास, ओट्यावर भांड्यांची रास उन्हात. तांबे, परात, पेले, सगळं लखलखीत. त्या राशीत एक गोल होता, मला ओळखू येईना. पांढुरका. उजेड पडत होता त्याच्यावर.

गोदावैनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको. ती पुढं आली, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे.

"भावजी, एक भांडं ठिवलं न्हाय. तवा तर बगा. सकाळपस्नं बसले हुते. विटंचा चुरा, वाळू, राख, समदं लावलं. निगतच नव्हतं काळं. आता आरशावानी झालाय."

तिच्या बोटांची सालं निघाली होती. डोळे सुजले होते, ते विटेच्या चुऱ्यानं नव्हे. दोघी एकाच साली ह्या गावात आल्या होत्या सुना होऊन. भाजलेल्या शेंगा एकीच्या तव्यावर अन् दुसरीच्या परातीत, असं होतं त्यांचं.

मी तवा उचलला. हलका वाटला. उगंच, कारण तेवढं काही निघत नसतं. नाकाजवळ नेला तर नुसता लोखंडाचा वास, नव्या कोयत्याला येतो तसा. करडी नाही, धूर नाही, जवस नाही. इतक्या वर्षांच्या भाकऱ्या त्या काळ्यात होत्या. सगळं धुतलं होतं, चांगल्या मनानं.

"बरं केलं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यावर गंज होता. तेव्हापासून रोजच आहे. पुसला की जातो, रात्रीतनं परत येतो. त्यावर भाकरी टाकून बघितली होती एकदा, माझ्या हातानं. चिकटून बसली. उलथन्यानं काढली तर पीठ वर, कातडं खाली.

म्हणून मला टांगायची एवढी घाई. टांगलेल्याला वारा लागतो, भिंतीवर असलं की जाता येता हात लागतो, तेल लागतं. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं तर दिवाळीपर्यंत त्याचा चुरा होईल. अन् भंगारात गेलं तर कुठल्या तरी भट्टीत वितळून गटारीचं झाकण होईल. तिचा तवा, त्याच्यावरून ट्रक जाणार.

हे हिंडणं चालूच राहिलं, अन् पंचमीच्या आदल्या दिवशी मी हरलो. रानातल्या खोलीत नेऊन ठेवायचं ठरवलं. तिथं पत्रा गळतो, पण डोळ्याआड होईल. गोणी घेतली, तवा गुंडाळला, सुतळी बांधायला लागलो.

सुरेखा भावाचा उपास धरून होती, तोंड सुकलेलं. नात कडेवर. दारात उभी राहून बघत होती.

"कुठं?"

"रानात."

"ठिवा खाली."

"अगं पण दत्ता..."

"त्यास्नी मी बघते. ठिवा खाली म्हणते ना."

तिनं पोरगी माझ्याकडं दिली. ओट्याच्या खाली, गॅसच्या खाली, अगदी जमिनीलगतचा कप्पा उघडला. त्याला दत्तानं वरून कडी बसवलेली आहे, पोरगी सगळं ओढून काढती म्हणून. त्यातली तिची ती काळी गुळगुळीत भांडी, ज्यांना काही चिकटत नाही म्हणतात ती, एकेक करून बाहेर काढली अन् वरच्या कप्प्यात कोंबली. खाली लाकडाची फळी घातली, त्यावर जुन्या लुगड्याची घडी. गोणी सोडली अन् तवा आडवा ठेवला. तोंड वर.

"खाली ठिवलेलं कुठं पडंल?" म्हणाली.

"बंद राहिलं तर गंजंल."

"बंद राहिलं तर. रोज काढलं तर?"

"काढून काय करशील? भाकरी चिटकती त्याला. सगळं गेलंय त्याचं."

"चिटकू द्या. गॅस माझा, पीठ माझं, भाकरी माझी. तुमाला काय?"

नात माझ्या कानाला लोंबकळत होती.

"टांगायचा असतोय तवा," मी म्हणालो. उगंच काहीतरी म्हणायचं म्हणून.

"आत्यांनी टांगला. मी ठिवते." अन् कडी लावली.

पंचमीच्या दिवशी तवा चढवायचा नव्हताच. दिंड केले तिनं, बरे झाले होते, पुरण जरा सैल. मी दिवसभर कडी काढून बघत होतो. एकदा बघितलं तर त्याच्यावर तेलाचा ताजा हात फिरला होता. जवसाचा वास आला. तिनं कधी लावलं, जवसाचं तेल कुठून आणलं, विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आलं होतं. पाऊस थांबलेला. तिनं तवा काढून गॅसवर ठेवला. मी दारात, मग ओसरीत, मग परत दारात.

"लई जाळ नको," मी म्हणालो. "मंद ठेव. बीड उशिरा तापतंय."

"व्हय."

"पाण्याचा थेंब टाकून बघ. नाचला पाहिजे, नुसता वाफला तर न्हाय चालत."

"व्हय म्हणते की मामा. बसा तुमी. तुमच्या येरझाऱ्यानं माझी भाकरी मोडायली."

बसलो. पाटावर, ओट्याच्या बाजूला, जिथनं तिचे हात दिसतात तिथं.

पहिली चिकटली. मधोमध. तिनं उलथनं घातलं, मागची साल तव्यावर राहिली. ती खरवडून तिनं म्हशीच्या पाटीत टाकली, तव्यावर तेलाचा बोळा फिरवला, धूर होऊ दिला. खिडकीतून धूर बाहेर गेला. दुसरी कडेनं चिकटली. तिसरी अर्धी सुटली, अर्धी फाटली. तिच्या कपाळाला घाम, पिठाचे हात, केस तोंडावर. पुसायची, तेल, धूर, परत थापायची.

दत्ता बाहेरून आत डोकावला. तव्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. चपला घालून निघून गेला.

तव्यावर मधोमध एक ठिपका झाला होता, काळसर. हाताच्या पंजाएवढा. बाकी अजून राखाडी.

चौथी भाकरी तिनं त्या ठिपक्यावर नेमकी टाकली. वरनं पाण्याचा हात फिरवला. वाळली, पालथी केली. सुटली. कडेला थोडी धरली होती, पण सुटली. मग ती फुगायला लागली, एका अंगानं, वाकडी. सुरेखानं ती उचलली अन् सरळ माझ्या ताटात टाकली. वर शेंगदाण्याची चटणी, तेल.

"खा. गरम हाय."

मी तुकडा मोडला. तोंडात घातला. ती तवा पुसता पुसता माझ्याकडं बघत होती.

"कशी झालीय?"

मला खोटं बोलता येत नाही. "तिच्यावानी न्हाय."

"मग माझ्यावानी असंल," म्हणाली, अन् पाचवी थापायला घेतली.

ती खाल्ली. मग पुढची बी खाल्ली. ऊन ओट्यापर्यंत आलं तरी मी पाटावरून उठलो नाही.